केमाल पाशा आणि आजोबांची पेटी

गेल्या वैशाखात आम्ही जुन्या नाशकातील वडिलोपार्जित वाडा सोडला आणि गंगापूर रोडवरील एका सदनिकेत बिऱ्हाड आणले. वाडा जीर्ण झाला होता, भाऊबंदांच्या वाटण्या होऊन चुकल्या होत्या, आणि साठी उलटलेल्या माणसाने मोडक्या जिन्यावरून चढउतार करावी हे चिरंजीवांस पटत नव्हते. भरला संसार हलविणे म्हणजे काय, हे ज्यांनी अनुभविले असेल त्यांस अधिक सांगावयास नको. देव्हारा आला, सहाण आली, पाटा-वरवंटा आला. बंब आणि घंगाळ मोडीत गेले. सर्वांत शेवटी माळ्यावरून एक पत्र्याची पेटी खाली आली. ती उघडली तो आत तांबड्या फडक्यात बांधलेले, कडा वाळवीने खाल्लेले कागदांचे गठ्ठे. आमच्या आजोबांचे कागद. झाडून सारे मोडी.

सूनबाईंनी विचारले, "बाबा, ह्यांचं काय करायचं? नव्या घरात माळा नाही."

आम्ही म्हणालो, "वडीलधाऱ्यांच्या हातचे आहेत. राहू देत."

चिरंजीव हसून म्हणाले, "राहू देत ना. पण बाबा, तुम्हांला तरी वाचता येतात का?"

आम्ही निरुत्तर झालो. मॅट्रिक झाल्यावर आम्ही पाठशाळेत संथा घेतली, पस्तीस वर्षे शाळेत संस्कृत आणि इतिहास शिकविला, अमरकोश अद्यापि मुखोद्गत आहे. पाणिनीची सूत्रे दोन हजार वर्षांहून जुनी. ती आम्हांस लागतात. परंतु सख्ख्या आजोबांनी लिहिलेला एक साधा कागद लागत नाही. पितृपक्षात ज्यांचे नाव व गोत्र उच्चारून आम्ही तिलोदक देतो, त्यांचे अक्षर आम्हांस परके!

योगायोग असा, की त्याच दिवसांत आम्ही तुर्कस्तानच्या प्रजासत्ताकाचा संस्थापक मुस्तफा केमाल पाशा ह्याचे चरित्र पुन्हा वाचावयास घेतले होते. ह्या पुरुषाने १९२८ साली आपल्या राष्ट्राची लिपीच काही महिन्यांत बदलून टाकली, हा भाग आम्ही वर्गात वर्षानुवर्षे मोठ्या आवेशाने सांगत असू. ह्या खेपेस मात्र तोच भाग वाचताना दृष्टी कोपऱ्यातील पेटीकडे जाई आणि मन पूर्वीसारखे निःशंक राहीना.

कोणी म्हणेल, नाशिकच्या निवृत्त मास्तरांस तुर्कस्तानच्या पाशाशी काय कर्तव्य? परंतु हा मनुष्य आपणांस वाटतो तितका परका नाही. पहिल्या महायुद्धात तुर्कांशी लढण्यासाठी मेसोपोटेमियात जी पूना डिव्हिजन गेली, तीत मराठा पलटणी होत्या. कुत-अल-अमारा येथे तिला वेढा पडला, अन्नान्नदशा झाली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० लोक तुर्कांच्या कैदेत गेले. त्यांपैकी कित्येकांस पुन्हा घर दिसले नाही. पुढे युद्ध संपल्यावर तुर्की सुलतानाची खिलाफत टिकावी म्हणून हिंदुस्थानात मोठी चळवळ उभी राहिली. गांधीजींनी तिला पाठिंबा दिला. आमच्याच जिल्ह्यातील मालेगावी १९२१ च्या एप्रिलात त्या चळवळीच्या दिवसांत दंगा होऊन माणसे मेली, आणि त्यापायी पुढे काहींना फाशीही झाली. ज्या गादीसाठी मालेगावात रक्त सांडले, ती गादी त्यानंतर तीन वर्षे पुरी होण्याच्या आतच, ३ मार्च १९२४ रोजी, खुद्द तुर्कांच्या विधिमंडळाने मोडून टाकली. मोडविणारा होता केमाल पाशा. इतिहासाचा हा क्रूर विनोद आमच्या जिल्ह्याने तरी विसरू नये.

मुस्तफाचा जन्म १८८१ साली सालोनिका शहरी झाला. ते तेव्हा उस्मानी साम्राज्यात होते. आज ते ग्रीस देशात आहे. वडील अली रिझा प्रथम जकात खात्यात लहानसे अधिकारी होते, पुढे त्यांनी लाकडाचा व्यापार केला. आई झुबेदा धर्मनिष्ठ. मुलास कोणत्या शाळेत घालावे ह्यावरून उभयतांत मतभेद झाला. आईस कुराण पढविणारी शाळा हवी, वडिलांस नव्या पद्धतीची. अखेर आईच्या समाधानार्थ मुलाचे नाव समारंभाने जुन्या शाळेत घातले आणि थोड्याच दिवसांत त्यास शेम्सी एफेंदी ह्यांच्या नव्या शाळेत हलविले. मुंज झालेल्या मुलास पाठशाळेत धाडावे की इंग्रजी शाळेत, हा वाद आपल्या किती घरांत झाला असेल ते वाचक जाणतातच!

वडील लवकर वारले. मुलाने आईस न कळविता सैनिकी शाळेची प्रवेशपरीक्षा दिली. तेथील गणिताच्या शिक्षकांचेही नाव मुस्तफाच होते. त्यांनी ह्या तल्लख विद्यार्थ्यास 'केमाल' असे दुसरे नाव दिले; त्याचा अर्थ पूर्णत्व. एका राष्ट्रपुरुषाचे जगप्रसिद्ध नाव एका गणिताच्या मास्तरांनी ठेवावे, ही गोष्ट आमच्या पेशातील मनुष्यास सुखवून जाते, हे आम्ही लपवीत नाही.

१९०५ साली सैनिकी विद्यालयातून बाहेर पडून तो कॅप्टन झाला. १९११ साली इटलीने त्रिपोलीवर स्वारी केली तेव्हा तो तेथे लढावयास गेला. १९१२ साली बाल्कन युद्धात त्याचे जन्मगावच ग्रीकांच्या हाती पडले. खरी कीर्ती मिळाली ती १९१५ साली गॅलिपोलीच्या द्वीपकल्पावर. २५ एप्रिलच्या पहाटे दोस्तांच्या फौजा किनाऱ्यावर उतरल्या. केमाल १९ व्या डिव्हिजनचा प्रमुख होता. वरिष्ठांच्या हुकुमाची वाट न पाहता त्याने आपली फौज टेकड्यांवर चढविली आणि उंचवटा हातचा जाऊ दिला नाही. ऑगस्टमधील चकमकीत गोळ्याचा एक तुकडा त्याच्या छातीवर येऊन आदळला. खिशातील घड्याळाचा चुरा झाला, मनुष्य वाचला. दैव म्हणा, योग म्हणा, ते घड्याळ त्या दिवशी त्या खिशात नसते तर तुर्कस्तानचा पुढील इतिहास कोणी लिहिला असता, न कळे.

१९१८ साली साम्राज्य हरले. १५ मे १९१९ रोजी ग्रीक सैन्य इझमिर बंदरात उतरले, आणि त्यानंतर चारच दिवसांनी, १९ मे रोजी, केमाल काळ्या समुद्रावरील सामसून बंदरी उतरला. सरकारने त्यास तेथील सैन्याची देखरेख करण्यासाठी पाठविले होते; त्याने काम केले ते प्रतिकार संघटित करण्याचे. एर्झुरूम आणि सिवास येथे परिषदा भरविल्या. २३ एप्रिल १९२० रोजी अंकारा ह्या आडगावी राष्ट्रसभा भरली. ऑगस्टात सुलतानाच्या सरकारने सेव्हर येथे देशाचे लचके तोडणाऱ्या तहावर सह्या केल्या. अंकाऱ्याच्या सभेने तो तह मानला नाही. १९२१ साली साकारिया नदीकाठी बावीस दिवस लढाई चालून ग्रीकांची आगेकूच थांबली. ९ सप्टेंबर १९२२ रोजी तुर्की फौज इझमिरमध्ये शिरली. २४ जुलै १९२३ रोजी लोझानच्या तहाने नव्या सीमा जगाने मान्य केल्या आणि २९ ऑक्टोबर रोजी प्रजासत्ताक घोषित झाले.

आमच्या घरापासून फार लांब नसलेल्या भोसला सैनिकी शाळेची गणवेशातील मुले कधी रस्त्याने दिसतात. डॉ. मुंजे ह्यांनी ती संस्था १९३७ साली येथे स्थापिली. ह्या मुलांस गॅलिपोलीची कथा सांगितली तर त्यांचे डोळे चमकतील ह्यात संशय नाही. परंतु केमालचा मोठेपणा आम्हांस आता निराळ्या ठिकाणी दिसतो. जिंकणे हा सैनिकाचा गुण. जिंकल्यावर काय सोडावे हे ज्यास कळते तो मुत्सद्दी.

हा भेद समजून घेण्यास अंकाऱ्यास जाण्याचे कारण नाही. आमचा प्रातःकाळचा फेरफटका सोमेश्वराच्या दिशेने होतो. वाटेत आनंदवल्ली लागते. राघोबादादा आणि आनंदीबाई ह्यांचे येथे वास्तव्य होते. १७५८ साली ज्याच्या सेनापतित्वाखाली मराठी फौजांनी लाहोर घेतले आणि अटकेपार झेंडा लावल्याची म्हण मराठी भाषेस मिळाली, तो हा पुरुष. शौर्यात कोणाला हार जाणारा नव्हे. परंतु एक पेशवेपद त्यास सोडवेना. १७७३ साली पुतण्याचा खून झाला, १७७५ साली सुरतेस इंग्रजांशी करार करून साष्टी व वसई देण्याचे मान्य केले गेले, घरातील भांडणात परका पंच झाला. अखेर १७८२ च्या सालबाईच्या तहाने वेतन घेऊन बसणे नशिबी आले आणि पुढच्याच वर्षी कोपरगावी देह ठेवला. लाहोरपर्यंत जाऊन आलेल्या पुरुषास शनिवारवाड्याच्या गादीपलीकडे जाता आले नाही.

आता केमालकडे पाहा. विजयी सेना हाताशी असताना त्याने गमावलेल्या अरबी प्रांतांवर पाणी सोडले. मोसूलवरील हक्काचा वाद १९२६ च्या तहाने मिटविला आणि तो प्रांत इराककडे जाऊ दिला. जेथे जन्म झाला, जेथे वडिलांचे घर होते, ते सालोनिका परत मिळविण्यासाठी त्याने युद्ध मांडले नाही. उलट ज्या ग्रीसशी तो प्राणपणाने लढला, त्याच्याशीच १९३० साली मैत्रीचा तह केला. सहाशे वर्षांचे साम्राज्य ज्या घरात वाढलेल्या मनुष्याने पाहिले, त्याने ते मनातून काढून टाकावे, हे पन्नास लढाया जिंकण्याहून कठीण आहे. सुलतानपद १ नोव्हेंबर १९२२ रोजी गेले, खिलाफत १९२४ साली गेली, १९२५ साली फेज टोपी गेली, १९२६ साली स्विस धर्तीचा नागरी कायदा येऊन बहुपत्नीत्व गेले. १९३४ साली स्त्रियांस विधिमंडळासाठी मतदानाचा व निवडून येण्याचा अधिकार मिळाला. त्याच वर्षी सर्वांस आडनाव घेण्याचा कायदा झाला आणि विधिमंडळाने त्यास 'अतातुर्क', म्हणजे तुर्कांचा पिता, हे आडनाव दिले.

गुण गाताना दोष झाकणे हे चरित्रलेखन नव्हे, ती भाटगिरी होय. केमालच्या राज्यात दुसऱ्या पक्षास जागा नव्हती. १९२५ साली विरोधी पक्ष बंद केला गेला. १९३० साली त्यानेच एक विरोधी पक्ष काढविला आणि लोक त्याभोवती गोळा होऊ लागताच तो काही महिन्यांत गुंडाळला गेला. १९२६ साली कटाच्या खटल्यात जुन्या सहकाऱ्यांपैकीही काही जण फासावर चढले. १९३७-३८ साली देरसिमच्या डोंगराळ मुलुखात बंड मोडताना कुर्दी लोकांचा फार मोठा संहार झाला. १९२३ साली ग्रीसशी ठरलेल्या लोकसंख्येच्या अदलाबदलीत सुमारे १२ लाख ख्रिस्ती आणि सुमारे ४ लाख मुसलमान ह्यांनी घरदार सोडले. फाळणी पाहिलेल्या देशास ह्या आकड्यांचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. तात्पर्य, सोडण्याचा निश्चय एकाचा असला तरी सुटते ते पुष्कळांचे, आणि त्यांस कोणी विचारीत नाही.

असो. आता लिपीच्या गोष्टीकडे वळू. तुर्की भाषा शेकडो वर्षे अरबी लिपीत लिहिली जात असे. तुर्कीत आठ स्वर, आणि त्या लिपीत स्वरांस पुरेशी चिन्हे नाहीत. व्याकरणाच्या दृष्टीने पाहता ही खरोखरच मोठी अडचण होती. १९२७ च्या शिरगणतीत देशाची लोकसंख्या सुमारे १ कोटी ३६ लाख भरली. त्यांत लिहितावाचता येणारे शेकडा दहाच्या आसपास. लिपी बदलण्यास काही वर्षांची मुदत असावी असे जाणते लोक म्हणत होते. केमालने ते काम महिन्यांवर आणले. १९२८ च्या ऑगस्टात घोषणा, १ नोव्हेंबरला कायदा, आणि १९२९ च्या आरंभापासून पुस्तके नव्या २९ अक्षरांत. १६ ते ४५ वयाच्या स्त्रीपुरुषांसाठी राष्ट्रशाळा निघाल्या. राष्ट्राध्यक्ष स्वतः गावोगाव फिरून, फळ्यापुढे उभे राहून, हाती खडू घेऊन अक्षरे शिकवीत. त्यास 'मुख्य शिक्षक' अशी पदवी मिळाली, आणि ती ज्या दिवशी मिळाली तो २४ नोव्हेंबर आज तुर्कस्तानात शिक्षकदिन म्हणून पाळतात. १९३५ पर्यंत साक्षरांचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले. फळ्यापुढचा तो फोटो आम्ही वर्गाच्या भिंतीवर लावला होता.

परंतु ह्याच कथेचे दुसरे एक पान आहे, ते आम्ही वर्गात कधी उलगडले नाही. १९२७ च्या ऑक्टोबरात केमालने आपल्या पक्षाच्या अधिवेशनात स्वातंत्र्ययुद्धाचा वृत्तान्त सांगणारे भाषण केले. ते सहा दिवस चालले. एकूण ३६ तासांचे. तो ग्रंथ तुर्की प्रजासत्ताकाचा जणू आद्य इतिहास. पण तो लिहिला जुन्या लिपीत, अरबी-फारसी शब्दांनी भरलेल्या जुन्या भाषेत. पुढील वर्षी लिपी गेली, नंतर भाषाशुद्धीच्या चळवळीत शब्दही गेले. आणि दोन पिढ्यांत असे झाले, की राष्ट्रपित्याचे भाषण त्याच्याच राष्ट्रातील मुलांस समजावे म्हणून त्याचे आधुनिक तुर्कीत भाषांतर करावे लागले! आजोबांच्या कबरीवरील ओळी नातवास वाचता येत नाहीत, अशी त्या देशाची स्थिती झाली.

हे वाचले आणि आम्ही पेटीकडे पाहिले. आमच्याकडे कोणी पाशा आला नव्हता. कोणी कायदा करून मोडी बंद करण्याची घोषणा चौकात वाचली नाही. छापखान्यास बाळबोध सोयीचे पडले, कचेऱ्यांतून मोडी मागे पडली, विसाव्या शतकाच्या मध्यावर ती शाळांतूनही गेली, आणि कोणास चुटपुट लागली नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे कोट्यवधी कागद रुमालांत बांधलेले आहेत. ते वाचणारे किती, हे विचारू नये. तुर्कांनी तोडले ते एका घावात, आणि कोणी तोडले हे त्यांस ठाऊक आहे. आम्ही मात्र दुर्लक्षाने गमावले आणि जाब विचारावा तर आरशाखेरीज कोणी समोर नाही. बाळबोध लिपी देवनागरी, संस्कृताची, शुद्ध ऱ्हस्वदीर्घाची, ह्या अभिमानात आम्ही तरुणपणी मोडीस बाजारखात्याची लिपी म्हणून हिणविलेही होते. आमचे वडील एकदा म्हणाले होते, "शिकवतो, बैस." आम्हांस तेव्हा वेळ नव्हता. तो वेळ पुन्हा आला नाही.

केमालच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे, आणि ती आम्हांस ह्या पेटीपाशी बसूनच सुचली. त्याने जी लिपी टाकली, ती त्यास येत होती. त्याने ती वाचली होती, तीत युद्धाचे हुकूम लिहिले होते, तिचे गुणदोष हातास ठाऊक होते. जाणून टाकणे हा त्याग. त्यात चूक झाली तरी ती जबाबदारीची चूक. न वाचता टाकणे ह्यास त्याग म्हणता येत नाही. चिरंजीवांचा प्रश्न नेमका तेथेच बोचत होता. ठेवण्याचा अधिकार जसा वाचणाऱ्यास, तसा टाकण्याचाही.

म्हणून ह्या वयात आम्ही मोडीच्या वर्गास जाऊ लागलो. शिकविणाऱ्या बाई आमच्या मुलीच्या वयाच्या. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "काका, आधी ओळ ओढा. अक्षरं मग तिला टांगायची." पस्तीस वर्षे दुसऱ्यांच्या पाट्या तपासणाऱ्या हाताला पुन्हा पाटीवर बसविण्यात काय सुख आहे, ते अनुभवल्यावाचून कळणार नाही. मोडीत इकार एकच, उकार एकच. ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. आमच्यातील वैयाकरणास आठ दिवस झोप आली नाही! मग हळूहळू ध्यानात आले, की हात न उचलता भराभर लिहिणाऱ्या कारकुनास तो भेद परवडणाराच नव्हता. लिपी घडते ती तिच्या कामाप्रमाणे.

तीन महिन्यांनी पेटीतील पहिला पूर्ण कागद लागला. गुप्तधनाची यादी नव्हती, सनद नव्हती. शके १८५६ च्या ज्येष्ठातील घरखर्चाची टाचण होती: तांदूळ, गूळ, रॉकेल, आणि खाली एक ओळ, 'चिरंजीवास पाटी व लेखणी.' ते चिरंजीव म्हणजे आमचे वडील. ते सहा वर्षांचे असतील. जे वडील आम्हांस "बैस, शिकवतो" म्हणाले, त्यांची पहिली पाटी घेतल्याची नोंद आजोबांच्या हातची, आणि ती वाचण्यास आम्हांस साठी ओलांडावी लागली. चष्मा काढून आम्ही थोडा वेळ स्वस्थ बसलो.

आता रोज दोन-चार कागद वाचतो. वाण्याच्या जुन्या पावत्या, कोणत्या तरी बैलाच्या सौद्याचे तुकडे, असे पुष्कळसे वाचून झाल्यावर रद्दीत दिले. त्याची खंत वाटत नाही. पत्रे आणि टाचणे वेगळी काढली आहेत. माळा नसला तरी देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ती सुखाने मावतात. परवा चिरंजीव शेजारी येऊन बसले आणि एका कागदावर बोट ठेवून म्हणाले, "हे काय आहे, बाबा?"

आम्ही म्हणालो, "बैस. आधी ओळ ओढ."